कळसगावची राजकन्या

राजकन्या माझ्या मांडीवर होती आणि नगराध्यक्ष दौलतराव ड्रायव्हरला बजावत होते, "सावकाश घे. खड्डे बघून. मागे बाळ आहे."

ॲम्बॅसिडर सायकलच्या वेगाने चालली होती. पुढे दौलतराव, मागे आमचे संपादक वर्तकसर आणि मी. माझ्या मांडीवर धुतलेली चादर, आणि चादरीवर तागाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली, हातभर लांबीची, तोंडावर सोनेरी मेणाचा मुखवटा असलेली इजिप्तची राजकन्या. गाडीमागून सगळं गाव चालत येत होतं. बायका कडेवर मुलं घेऊन, दुकानदार दुकानं नोकरांवर टाकून. कुणीतरी ब्रास बँडही बोलावला होता, पण काय वाजवायचं ते न ठरल्यामुळे बँडवाले नुसतेच वाद्यं घेऊन चालत होते.

"सबनीस, हात थरथरतोय तुझा," सर म्हणाले.

"हात नाही सर, गाडी."

"बघ हं. सव्वादोन हजार वर्षं टिकलीय. आपल्या हातून काही व्हायला नको."

एकदा मी खाली पाहिलं. मुखवट्यावरचे काळ्या रंगाने काढलेले डोळे टपावर रोखलेले होते. मला उगाचच वाटलं, उन्हाची तिरीप येते आहे तोंडावर, आणि मी पदराने आडोसा केला. मग माझी मलाच लाज वाटली. मी इतिहासाची पदवीधर होते आणि एका ममीला ऊन लागेल म्हणून पदर धरत होते.

गोष्ट शहाऐंशी सालची आहे. तेव्हा मी सांगलीत 'नाईलकाठ' नावाच्या मासिकात उपसंपादक होते. हे मासिक फक्त प्राचीन इजिप्तवर निघायचं. आमची कचेरी गणपती पेठेत एका हळदीच्या वखारीच्या माडीवर होती, त्यामुळे दर अंकाला हळदीचा वास यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, सांगलीच्या माणसाला इजिप्तशी काय घेणं? पण लोक वाचायचे. केशकर्तनालयात वाचायचे, एसटी स्टँडवर वाचायचे, शाळांची ग्रंथालयं दोन-दोन प्रती घ्यायची. 'तुमचं नाव चित्रलिपीत' हे आमचं सगळ्यांत लाडकं सदर. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याने आम्ही काढून दिलेलं त्याचं नाव आपल्या ट्रकच्या कपाळावर रंगवून घेतलं होतं. ट्रक कोल्हापूर नाक्यावर उभा राहिला की पोलीस विचारायचे, ही कुठली भाषा, आणि तो छाती काढून सांगायचा.

वर्तकसर निवृत्त शिक्षक. उंच, वाकलेले, खिशात कायम एक भिंग. मासिकात काय छापायचं याबद्दल ते फार कडक होते. विक्रेते दर महिन्याला म्हणायचे, "सर, ममीच्या शापावर एक अंक काढा, हातोहात जाईल." सरांचं उत्तर ठरलेलं. "शाप खरा असता तर थडगी फोडणारे चोर आधी मेले असते. ते तर नातवंडं खेळवून मेले." आणि विषय संपायचा.

मला मात्र या सगळ्यात फार दिवस राहायचं नव्हतं. मी बँकेची परीक्षा पास झाले होते. दिवाळीनंतर रुजू व्हायचं ठरलं होतं. घरचे खूश होते. तोवर चार महिने इजिप्त, एवढाच माझा हिशेब.

आणि दिवाळी अंकासाठीच आम्ही कळसगावला आलो होतो. कळसगाव म्हणजे एके काळचं छोटंसं संस्थान. तिथले राजेसाहेब विलायतेहून बोटीने परत येताना वाटेत कैरोला उतरले आणि एका व्यापाऱ्याकडून ही ममी घेऊन आले. व्यापारी म्हणाला, ही तान्ही राजकन्या. राजेसाहेबांनी तिला शिसवी चौकटीच्या काचेच्या पेटीत ठेवलं, राजवाड्याच्या दर्शनी भागात संग्रहालय उघडलं आणि गावाने तिला आपलं म्हटलं. गावात राजकन्या लॉज होता, राजकन्या बेकरी होती, राजकन्या टुरिंग टॉकीज होती. बाळंतिणी सव्वा महिन्यानंतर बाळाला देवळात न्यायच्या आणि तिथून परस्पर संग्रहालयात, राजकन्येच्या भेटीला.

ती कोण होती, किती वर्षांची होती, कशाने गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पट्ट्या सोडवल्या तर तिचा चुरा झाला असता. सर किती तरी वर्षं म्हणत होते, न सोडवता एक्सरे काढता येईल. नगरपालिका नाही म्हणायची. पण ममीची मालकी राजेसाहेबांच्या मुलीची, आक्कासाहेबांची. त्या वर्षी त्यांनी अचानक होकार कळवला. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सर तर हरखूनच गेले होते. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ त्यांनी आधीच छापून घेतलं: सोनेरी मुखवटा, आणि खाली 'कळसगावची राजकन्या: कोण होती, कशी गेली?' विक्रेत्यांनी कधी नव्हे ती दुप्पट मागणी केली होती.

त्या दिवशी सकाळी निघण्याआधी आम्ही आक्कासाहेबांना भेटलो होतो. सत्तरीच्या, ठेंगण्या, फिकट निळं सुती लुगडं, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा. लग्न होऊन लवकरच वैधव्य आलं, मूलबाळ नाही, तेव्हापासून इथेच. त्यांनी सरांचं आभाराचं भाषण अर्धवट ऐकलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही धरणार का तिला?"

"हो आक्कासाहेब."

"डोकं जरा वर ठेवा. लोंबू देऊ नका."

"तुम्ही नाही येणार?" दौलतरावांनी विचारलं.

"नाही. मी इथेच आहे. जे काही निघेल ते आधी मला येऊन सांगायचं. मग गावाला."

त्यांचा आवाज मऊ होता, पण दौलतरावांनी मान अशी हलवली की मला कळलं, या गावात अजून कुणाचं चालतं ते.

डॉक्टर मगदूमांच्या एक्सरे क्लिनिकमध्ये बाकावर चार-पाच पेशंट बसले होते. आम्ही आत शिरलो तसे सगळे उभे राहिले. हात गळ्यात बांधलेला एक शेतकरी कंपाउंडरला म्हणाला, "माझा नंबर हाय, पर आधी त्यास्नी जाऊ दे. लांबून आल्यात."

कंपाउंडर नियमाचा पक्का होता. त्याने पेन उघडलं. "पेशंटचं नाव?"

सर म्हणाले, "ते शोधायलाच आलोय."

"वय?"

"सुमारे सव्वादोन हजार."

त्याने पेन बंद केलं आणि मला विचारलं, "सोबत तुम्हीच का?" मी हो म्हटलं. मग त्याने माझंच नाव लिहून घेतलं.

डॉक्टर मगदूम गोल चेहऱ्याचे, हसतमुख. टेबलावर स्वच्छ चादर अंथरून तयार होते. "तान्ह्या मुलांचे एक्सरे काढायचे म्हणजे मोठी कसरत," ते म्हणाले. "हात धरा, पाय धरा. ही पहिलीच, जी स्वस्थ पडून राहील." त्यांनी मला तिला ठेवायला सांगितलं. मी डोकं सांभाळून ठेवलं. आम्ही बाहेर झालो. मशीनने हुं केलं. डॉक्टर फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले.

आम्ही वाट पाहत होतो. दौलतराव शर्टाच्या बाहीने घाम पुसत होते. "दात आलेत का तेवढं कळलं तरी पुरे," ते म्हणाले. "बायका विचारतात हो."

डॉक्टर ओली फिल्म चिमट्याने धरून आले आणि त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. आम्ही तिघेही पुढे वाकलो. मला एक्सरेतलं काही कळत नव्हतं, पण हाडं पांढरी दिसतात एवढं माहीत होतं. तिथे लांबट आकाराची एक सलग करडी सावली होती. बस.

"कवटी कुठेय?" सरांनी विचारलं.

"तेच बघतोय."

"पाय?"

डॉक्टर परत आत गेले, तिला कुशीवर करून दुसरी फिल्म काढली, ती धुतली, ती लावली. तशीच करडी सावली. फक्त जवळून पाहिलं की त्या करड्यात बारीक बारीक लांबट ठिपके दिसत होते, पसरलेले, शेकड्यांनी.

"हाडं नाहीत," डॉक्टर अखेर म्हणाले. "एकही नाही. ही माती आहे. आणि मातीत हे, खडे म्हणणार होतो, पण खडे नाहीत. सगळे एकसारखे आहेत. दाणे आहेत कसले तरी."

सरांनी खिशातून भिंग काढलं. फार वेळ बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा नीट ओळखता आलं नाही. आनंद होता आणि धसकाही होता.

"जव," ते म्हणाले. "सबनीस, धान्याची ममी आहे ही. मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या ओसायरिस देवाची मूर्ती करायचे, माती आणि धान्य कालवून. जगात अशा मोजक्याच आहेत."

"म्हणजे बनावट," दौलतराव म्हणाले.

"बनावट नाही हो. अगदी अस्सल आहे. फक्त माणूस नाही."

दौलतराव खिडकीपाशी गेले. बाहेर रस्ता माणसांनी भरला होता. कुणीतरी कुणाला तरी खांद्यावर घेतलं होतं. "सर, तुम्ही बाहेर जाऊन सांगा हे," ते हळूच म्हणाले. "सांगा, की तुमच्या आया, तुमच्या आज्या पोरं घेऊन मातीला भेटवायला येत होत्या. बघू काय म्हणतात."

मग दौलतराव डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, फिल्म खराब निघते का कधी?"

"निघते की. कधी कधी."

"मग झालं. फिल्म खराब निघाली. पुन्हा कधीतरी काढू. विषय मिटला."

मी सरांकडे बघत होते. मला वाटलं आता ते उठतील, भिंग खिशात टाकतील आणि चोरांच्या नातवंडांसारखं काहीतरी ठणकावून सांगतील. पण ते भिंग नुसतं हातात फिरवत होते.

"गावाचं सोडा," दौलतराव पुढे म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात नगराध्यक्ष नव्हता. "आक्कासाहेबांना कोण सांगणार? आमच्या आई वाड्यात कामाला होत्या. त्या सांगायच्या, आक्कासाहेब लहान असताना त्या पेटीसमोर बसून जेवायच्या. एकुलती एक पोर, आई लवकर गेलेली. सगळा जीव त्या राजकन्येवर. आज सत्तरीला त्यांना जाऊन म्हणायचं, बाई, ती माती होती?"

डॉक्टरांनी उजेडाची पेटी बंद केली.

"सबनीस," सर म्हणाले, "तू जा. तुझ्याशी त्या बोलल्या सकाळी. सांग, फिल्म नीट आली नाही. पुढच्या महिन्यात परत काढू."

"खोटं सांगू?"

"खरंच सांग. फक्त पुढच्या महिन्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि तेवढ्यात त्यांचे गुडघ्यावर ठेवलेले म्हातारे हात दिसले आणि राग नीट टिकला नाही. छापून ठेवलेलं मुखपृष्ठ त्यांना दिसत असणार. आणि आक्कासाहेबही.

बाहेर पडल्याबरोबर लोकांनी घेरलं. "ताई, केस हायत का तिला?" "ताई, काय निघालं?" मी म्हटलं, डॉक्टर अजून बघताहेत. ते खोटं नव्हतं. गाडीत बसून मी वाक्य पाठ केलं. फिल्म नीट आली नाही, पुढच्या महिन्यात परत काढू. आठ-दहा वेळा म्हटलं. वाक्य सोपं होतं. शिवाय मला काय, पुढच्या महिन्यानंतर मी बँकेत असणार होते.

आक्कासाहेब मागच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी तिपाईवर ताट झाकून ठेवलेलं होतं, हात न लावलेलं. मला बघून त्या उठल्या, मग परत बसल्या.

"फिल्म..." मी सुरुवात केली.

"बसा आधी. पाणी घ्या."

मी बसले. पाणी प्यायले. त्या मी पेला खाली ठेवेपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "केवढी होती?"

आवाज अगदी साधा होता. दवाखान्यातून कुणी बाहेर आलं की नातेवाईक विचारतात, तसा. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं वाक्य आलंच नाही.

"आक्कासाहेब, आत कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"हाडं नाहीत. माती आहे आणि धान्य आहे. जव असावेत असं सर म्हणतात."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. "नीट बघितलं?"

"दोनदा. सरळ आणि कुशीवर."

"मगदूमांनी स्वतः?"

"हो."

"मूल नाही."

"नाही."

"कुणाचंच?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. "कुणाचंच नाही," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. पदराने डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग परत डोळे. मला वाटलं, झालं, मी या बाईचा जीव घेतला. मी उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांनी माझा हात धरला, आणि तेव्हा मला दिसलं की त्या रडताहेत ते खरं, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा नाही.

"मी सहा-सात वर्षांची असेन," त्या म्हणाल्या. "माझी आई नुकतीच गेली होती. मी बाबासाहेबांना विचारलं, हिची आई कुठेय? पाहुणे बसले होते. बाबासाहेब म्हणाले, तिला तिकडेच ठेवलं, बोटीत एवढी जागा नव्हती. सगळे हसले. थट्टाच होती ती. पण माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की माझ्या वडिलांनी कुणाच्या तरी कुशीतलं मूल उचलून आणलं."

त्यांनी माझा हात अजून धरलेलाच होता.

"मग मी तिच्यापाशी बसून जेवायची. ती एकटी होती म्हणून. लोक म्हणायचे, काय जीव आहे पोरीचा. जीव कसला, मला तिची भीती वाटायची. वाटायचं, ही एक दिवस आईला मागेल." त्यांनी पदर सारखा केला. "बाबासाहेब वाईट नव्हते हो. गावात मुलींची शाळा काढली, ओढ्यावरून नळ आणले. प्लेगमध्ये स्वतः फिरले. सगळं मला मान्य होतं. पण एवढी एक गोष्ट मला कधी पचली नाही. मेलेलं लेकरू विकत आणायचं, काचेत ठेवायचं आणि बघायला तिकीट लावायचं. त्यांच्या शेवटच्या दिवसांतसुद्धा मी उशाशी बसून हेच मनात घोळवत होते."

"म्हणून तुम्ही एक्सरेला हो म्हणालात?"

"मूल निघालं असतं तर मी तिला परत पाठवणार होते. तिच्या गावी, मातीत. माझ्या नणंदेचा मुलगा दिल्लीला असतो, त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. मी गेल्यावर ते कुणी केलं नसतं. गावाने मला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, पण मी ठरवलं होतं." त्या अचानक हसल्या. "आणि ती मंडळी तिकडे काय करताहेत?"

"घाबरलीत. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून."

"तुम्हाला काय सांगायला पाठवलं?"

"फिल्म नीट आली नाही म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

मी विचार केला. तत्त्वाचं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं. "तुम्ही केवढी होती असं विचारलंत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मातीत धान्य कशाला?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यांचा एक देव मरतो आणि पुन्हा उठतो. त्याच्या नावाने वर्षातून एकदा माती आणि धान्याची मूर्ती करायची, पाणी घालायचं, कोंब येऊ द्यायचे. मग वाळवून, गुंडाळून, मुखवटा लावून पुरायची. पुढचं पीक नीट यावं, गेलेल्यांनाही पुन्हा जीव यावा म्हणून.

"आपण घट बसवतो तसंच की."

"बरंचसं तसंच."

"म्हणजे ते मुळात मरणाचं नव्हतंच," त्या म्हणाल्या, आणि आत हाक मारली. "भाकरी टाका गं दोन गरम. ही पोर सकाळपासून उपाशी दिसतेय. आणि मलाही वाढा."

त्या भरपेट जेवल्या. वांग्याची भाजी दोनदा घेतली. मग गाडीत बसून क्लिनिकमध्ये आल्या. त्यांना पायरीवर बघताच रस्त्यावरचा गलका बंद झाला. आत दौलतराव उठून उभे राहिले, सरही उठले, आणि माझ्याकडे बघून दोघांनाही कळलं की मी काय सांगितलंय.

"आक्कासाहेब, माफ करा," सर म्हणाले. "या मुलीला मीच पाठवलं. मी स्वतः यायला हवं होतं."

"तुम्ही आला असता तर फिल्म खराब निघाली असती," आक्कासाहेब म्हणाल्या. सरांनी खाली मान घातली. त्यांना असं कुणी बोललेलं मी त्याआधी किंवा नंतर ऐकलं नाही.

"पण लोकांना काय सांगायचं?" दौलतराव म्हणाले. "राजकन्या कुठे गेली म्हणतील."

"मी सांगते."

त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी केलं नाही. शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या. आत बाळ नाही. माती आहे आणि जव आहेत, तिकडचे लोक देवाच्या नावाने करायचे तसे. कुणाचं लेकरू मेलं नव्हतं, कुणाचं आपण आणलं नव्हतं. मग म्हणाल्या, "मी तर आज मोकळी झाले. तुम्हीही आता सुखाने बघायला या."

मागून एकाने "आमाला फसवलं म्हणा की," असं ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हटलं, आणि काही लोक खरंच नाराज होऊन निघून गेले. पण पुढे उभी असलेली एक बाई, कडेवर लहान मुलगी घेतलेली, आक्कासाहेबांना म्हणाली, "बरं झालं बाई. मला दरवेळी तिला बघून रडू यायचं." आणखी दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मला वाटतं, त्या गावात कितीतरी बायकांना रडू येत असावं आणि कुणी कुणाला सांगितलं नसावं.

परतीच्या एसटीत मिरज जवळ आल्यावर सर म्हणाले, "मुखपृष्ठ बदलावं लागेल. छापलेली सगळी रद्दीत."

"विक्रेते?"

"ओरडतील." मग म्हणाले, "लेख तू लिही. मी लिहिला तर ओसायरिसवर निबंध होईल."

"सर, मी दिवाळीनंतर बँकेत चाललेय."

"माहीत आहे. त्याआधी लिही."

मी लिहायला बसले. आठ दिवस बसले. धान्याच्या ममीबद्दल जे होतं ते एका दुपारीत लिहून झालं, पण आक्कासाहेबांचं काय लिहायचं आणि किती, ते ठरेना. त्यांनी ते मला सांगितलं होतं, मासिकाला नाही. तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, की बँकेत रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि मी तिच्याऐवजी या लेखाचाच विचार करत होते. घरी मी ते सांगितलं तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, त्या मासिकात पगार तरी वाढवणार आहेत का. नव्हते वाढवणार. मी तिथे पुढची सतरा वर्षं राहिले, त्यातली शेवटची नऊ संपादक म्हणून.

दिवाळी अंक आधीच्या मागणीएवढा गेला नाही. शाप नाही, राजकन्या नाही, वर मुखपृष्ठावर मातीच्या एक्सरेचं चित्र. काही प्रती परत आल्या. पण कळसगावच्या लोकांनी मात्र एकाच आठवड्यात चारशे अंक मागवले आणि दौलतरावांनी ते स्वतः गाडीत घालून नेले. लॉजचं आणि बेकरीचं नाव कुणी बदललं नाही.

लेख छापखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी मी वखारीच्या मालकाच्या फोनवरून ट्रंक कॉल लावून आक्कासाहेबांशी बोलले. खाली हमाल पोती उतरवत होते, हळदीच्या धुराळ्याने मला शिंका येत होत्या. मी विचारलं, "तुम्ही वडिलांबद्दल जे बोललात, ते छापू की नको? नको म्हणालात तर काढून टाकते."

"छापा," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी मुलींची शाळा काढली, ते आधी लिहा."

मी ते आधी लिहिलं.